सावडीला कोमल, क्लासला ओंकारराव

भाजे गावात ओंकारला कुठलंही काम सांगा, उत्तर ठरलेलं असायचं.

दळण आणायचंय? क्लास आहे. आबांचा गुडघा डॉक्टरला दाखवायचाय? क्लास आहे. लेकीच्या, ओवीच्या शाळेत पालकसभा आहे? अगं कोमल, क्लास आहे ना माझा! चुलतभावाच्या हळदीला तर हा गडी पाच मिनिटं टेकला नाही. जाताना वर म्हणाला, "तुमच्यासारखी ढेरी सोडून बसायला मला वेळ नाही."

क्लास म्हणजे कराटेचा, लोणावळ्यात. वाचकहो, कराटेशी आपलं काही भांडण नाही. चौतिशीतला माणूस घाम गाळतो, गुत्त्यावर जात नाही, हे चांगलंच. पण ओंकारच्या अंगात कराटे असं भिनलं होतं, की माणूसपणाला आत जागाच उरली नव्हती. तो तळेगावच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होता. तिथले सोबती चहाला बोलवायचे, तर हा म्हणायचा, "चहा म्हणजे विष." घरात सगळ्यांना कालवण-भाकरी आणि याला वेगळी उकडलेली अंडी. बोलणंसुद्धा बदललं. जन्म भाज्याच्या मातीत गेला, पण आता आईशीही शहरी भाषेत बोलायचा, जणू मुलाखत द्यायला आलाय.

आणि रविवारी धबधब्यावर पर्यटकांची झुंबड उडाली की हा तिथं पांढरा पोशाख घालून लाथा मारणार, तेही मोबाइलसमोर. खाली ओळ टाकणार, 'शिस्त हेच जीवन!' तो पोशाख दगडावर घासून घासून पांढरा कोण ठेवत होतं, ते त्या ओळीत कधी आलं नाही.

मावळात भातलावणी एकट्या घराच्यानं होत नाही. म्हणून सावड असते. आज सगळे मिळून एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. प्रत्येक घरातून एक गडी आणि एक बाई यायची. ज्याची लावणी, त्याच्या घरचं जेवण. मजुरी कुणी मागत नाही, पण कोण आलं नाही ते कुणी विसरतही नाही.

ओंकारच्या घरातून बाई जायची, गडी जायचा नाही.

"आरं, अंबाजीचा निरोप आलाय," धोंडाबाई मुलाला म्हणाली. "उद्या चिखलणी हाय त्याची, तुलाबी सुट्टी हाय. गडी पाठवा म्हनला."

"क्लास आहे, आई."

"मंग काय सांगू त्याला?"

"कोमल जाईल की. आणि चिखलात दिवसभर उभं राहणं माझ्या गुडघ्यांना चालत नाही. परीक्षा तोंडावर आलीय."

ज्यांचे गुडघे खरोखर कामातून गेले होते, ते त्याचे वडील सोपानआबा भिंतीकडं बघत बसले. दुसऱ्या दिवशी कोमलनं अंबाजीच्या खाचरात आधी गड्याच्या वाटच्या रोपांच्या मुठी वाहिल्या आणि मग बाईच्या वाटची लावणी करायला ती वाकली. तीन वर्षं हेच चाललं होतं.

परीक्षा होती ब्लॅक बेल्टची. क्लास घेणाऱ्या अरुंधतीबाई लोणावळ्यातल्या एका शाळेत गणित शिकवत. केस पिकलेले, आवाज मऊ, पण त्यांनी नुसतं बघितलं तरी पोरं सरळ उभी राहत. त्यांची एक रीत होती. ब्लॅक बेल्टसाठी कुणाचं नाव पाठवायचं, तर आधी त्याच्या घरी जाऊन जेवायचं.

"रविवारी येते रे तुझ्याकडे."

"अवश्य, सेन्सेई!"

"बाई म्हण. मी काही जपानला गेलेली नाही."

नेमकी त्याच रविवारी ओंकारच्या खाचरात सावड होती. याला आनंदच झाला. "सावडीचं जेवण करायचंच आहे," तो कोमलला म्हणाला, "त्यात लापशी वाढव. बाईंना कळू दे, आपलं घर कसं आहे ते."

बाईंना ते कळायचंच होतं.

कोमल अंधारात उठली. भाकऱ्यांची चळत झाली, वाटाण्याचा रस्सा झाला, लापशीचं पातेलं उतरलं. उजाडलं, ऊन-पाऊस दोन्ही येऊन गेले, पण सावडीला कुणी आलं नाही. शेजारची म्हातारी रतनमावशी तेवढी येऊन ओट्यावर बसली होती. रोप जुनं व्हायला लागलं होतं. अजून चार दिवस गेले असते तर ते लावून उपयोग नव्हता आणि वर्षाचा भात हातचा गेला असता. धोंडाबाई दोनदा वाटेपर्यंत जाऊन बघून आली. शेवटी अंबाजी आला, पण उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आबा, राग मानू नगा," तो सोपानआबांना म्हणाला. "तीन वरीस तुमच्याकडून येकली सूनबाई येती. ती दोघांचं वढती, ते आमाला बघवत न्हाई. गडी घरात धडधाकट असताना आमी तिच्या जीवावर सावड का करायची? आवंदा कुनी येनार न्हाई."

तेवढ्यात ओंकार बाहेर आला. बाईंना दाखवायला म्हणून पांढराशुभ्र पोशाख घालून, कमरेचा पट्टा आवळून! भर लावणीच्या दिवसात!

"नका येऊ!" तो ओरडला. "चिखलात लोळणाऱ्या अडाणी लोकांना शिस्त काय कळणार?"

"मला समजावून सांग," मागून आवाज आला. "मीही अजून शिकतेच आहे."

मळवली स्टेशनवर उतरून, पर्यटकांच्या गर्दीतून वाट काढत अरुंधतीबाई अंगणात पोचल्या होत्या. साडी घोट्यापर्यंत चिखलानं माखलेली. ओंकार चटकन कमरेत वाकला. बाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी अंबाजीला विचारलं, "हा तुमच्याकडे कामाला का येत नाही?"

"येनार कसा? तुमचा रोज क्लास असतो न्हवं."

"रोज?"

"सातीबी दिस," कोमल म्हणाली. "तसंच सांगत्यात आमाला."

"माझा क्लास सोमवार, बुधवार, शुक्रवार असतो," बाई सावकाश म्हणाल्या. "तोही दीड तास. बाकीच्या संध्याकाळी मी माझ्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना भरवते. ओंकार, उरलेले चार दिवस तू कुणाच्या क्लासला जात होतास?"

ओंकार पट्ट्याच्या टोकाशी चाळा करायला लागला. "मैदानावर... आमचा ग्रुप असतो... प्रॅक्टिस, मग जरा बसतो..."

"चहाच्या टपरीवर. बघितलंय मी," बाई म्हणाल्या. विष पीत बसायचा तर हा पठ्ठ्या!

"म्हंजी मंगळवारी आबा कळवळत व्हते," कोमल म्हणाली, "मी त्यास्नी येकटी दवाखान्यात घिऊन गेलते, तवा तुमी टपरीवर बसला व्हता?"

ओंकारनं खाली बघितलं.

"लाथ मारायला गाढवालाही येते," अरुंधतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊच होता, पण ऐकणाऱ्याची मान वर होईना. "त्यासाठी मी क्लास काढलेला नाही. मला नोकरी आहे, घर आहे, आजारी माणूस आहे. हे सगळं सांभाळून उरतं ते मी कराटेला देते. तू घरादाराचं, गावाचं, बायकोच्या अंगातलं बळसुद्धा ओरबाडून घेतलंस आणि वर त्याला शिस्त म्हणतोस! माझ्या क्लासचं नाव पुढे करून! मला लाज वाटते रे तुझी. यंदा तुझं नाव जाणार नाही."

"पण बाई, इतकी वर्षं मी..."

"नाही जाणार." बाईंनी विषय संपवला. मग कोमलकडं वळून म्हणाल्या, "वाढ गं मला, भूक लागलीय. अंबाजीराव, तुम्हीही या. एवढं अन्न वाया कशाला घालवायचं?"

अंबाजीनं हात जोडले. "नगं, बाई. कामाला हात लावल्याबिगर सावडीचं जेवन आमी खात न्हाई."

तो साधेपणानं बोलला होता, टोमणा मारायला नव्हे. पण ओंकारला ते वाक्य सपकन बसलं. अरे, आपण तर घरच्या दर लावणीला तेच खात आलो! संध्याकाळी घरी येऊन, हातपाय धुऊन, सावडीच्या भाकरीवर ताव मारून! ज्यांना आपण अडाणी म्हणतो, त्यांच्या घशाखाली जे उतरत नाही, ते आपल्याला गोड लागत होतं!

त्याचा चेहरा उतरला. तो आत गेला आणि आबांची जुनी चड्डी घालून बाहेर आला.

"अंबाजीभाऊ, चुकलं माझं. चला, करतो मी काम."

"तुज्या रानात न्हाई," अंबाजी म्हणाला. "माजा वरचा तुकडा राह्यलाय, समदी तितंच हायती. आदी तितं ये."

"येतो."

विटा फोडणारा हा वीर तासाभरात धापा टाकायला लागला. साठी ओलांडलेला भिकाजी मुठी घेऊन त्याच्या पुढून तीनदा गेला आणि जाताना प्रत्येक वेळी हसला. बायका तर खुशाल म्हणाल्या, "बेल्ट ढिला झाला काय वो?" ओंकारनं ऐकून घेतलं. संध्याकाळी तिथल्याच बांधावर धोंडाबाईनं सगळ्यांना भाकरी वाढली आणि या खेपेला अंबाजीनं ती घेतली. मंगळवारी सगळी सावड ओंकारच्या खाचरात उतरली. ओंकारनं रजा काढली होती. रोप वेळेत लागलं.

त्या रात्री जेवताना ओंकार भारावून म्हणाला, "कोमल, म्या ठरवलंय. क्लास सोडतो. आजपासून कराटे बंद!"

त्याला वाटलं, हिचे डोळे भरून येतील. कोमलनं ताटातली भाकरी मोडली.

"काय नगं सोडायला. सोडून घरात तोंड पाडून बसनार, आन् दहा वरसांनी म्हननार, तुमच्यापायी माजा बेल्ट गेला. त्ये नाटक मला नगं. सोमवार, बुधवार, शुक्रवार जावा. दीड तासानं घरी या. तुमची कापडं तुमीच धुवा. आन् ह्या रविवारी म्या परंदवडीला आईकडं चाललेय ऱ्हायला. ओवीचं, आबांचं, भाकरीचं, समदं तुमी बघा."

"भाकरी? मला कुटं येती?"

"कराटे येत व्हतं का?" कोमल म्हणाली. "शिकलाच की."

वाचकहो, तुमच्या-आमच्या घरात कराटे नसेल. व्यायामशाळा असेल, भजनी मंडळ असेल, पक्षाचं काम असेल, नाहीतर समाजसेवा असेल. जरूर करा! स्वतःला घडवायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्या वेळात तुमच्या वाटचं काम कोण करतंय, ते आधी बघा. त्या माणसाला तुम्ही विचारलेलंही नसेल, तर तुमची साधना खोटी आहे आणि तुमची शिस्त ही निव्वळ चैन आहे. पदकं मिळवा, पट्टे मिळवा, पण आधी घरच्या खाचरात उतरा.