उणे तेहतीसला अडलेली झडप

"माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नाही. सेन्सर बिघडलाय," हेल्गेनं पुन्हा ठणकावलं.

"सेन्सर आत्ताच बदललाय, बाबा! रोपं गारठतायत आणि तुम्ही अजून त्यालाच शिव्या घालताय," दिसा कीबोर्डवरून मान न उचलता म्हणाली.

फिनलंडमधल्या नेर्पेसला सकाळपासून अशी थंडी पडली होती की दाराची कडी हाताला चिकटावी. हरितगृहाच्या काचेखाली टोमॅटोची रोपं होती, वर्षाचं सगळं पीक तेच. आतलं तापमान आठवर आलेलं. आणखी उतरलं की रोपं माना टाकणार, आणि पुन्हा पेरायला हंगाम उरत नाही. बॉयलरची झडप मात्र ढिम्म! हातानं फिरवायचं चाक पूर्वी होतं, ते या बाबानंच काढून टाकलं. का, तर माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही. घ्या आता! तरुणपणी असेंब्ली ही थेट यंत्राशी बोलायची भाषा शिकला, आणि झडप चालवायचा प्रोग्रॅमही तिच्यातच लिहून जुन्या लिनक्स संगणकावर चढवला. एवढासा प्रोग्रॅम, पण पोटच्या पोरीलाही त्याला हात लावू दिला नाही कधी.

आज ती न विचारताच बसली होती. चुका शोधायच्या डीबगरमध्ये प्रोग्रॅम उघडून ती एकेक ओळ पुढे सरकवत होती. प्रोग्रॅमनं बाहेरचं तापमान वाचलं, उणे तेहतीस. बरोबर. पुढची ओळ त्याला चारनं गुणते. तिनं एंटर मारला. रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यात, आला एकशे चोवीस. उणे नाही, अधिक!

"बाबा, इकडे या. उणे एकशे बत्तीस यायला हवं ना? तुम्ही आकडा एकाच बाइटमध्ये ठेवलाय. त्यात उणे एकशे अठ्ठावीसच्या खालचं मावतच नाही, उलटून वर येतं. प्रोग्रॅमला वाटतंय बाहेर कडक उन्हाळा आहे, म्हणून तो झडप उघडतच नाही."

हेल्गे वाकून बघत राहिला. त्याचा चेहरा पार उतरला.

"अशी थंडी इथं पडलीच नव्हती गं," तो पुटपुटला.

तापमान सात झालं होतं. दिसानं भराभर आकडा मोठ्या रजिस्टरमध्ये हलवला, प्रोग्रॅम नव्यानं तयार केला आणि चालवायला बोट एंटरवर नेलं.

"थांब!" हेल्गे ओरडला.

"आता काय? रोपं मरतायत, आणि तुम्हाला तुमचा मान..."

"खड्ड्यात गेला मान! चालवू नकोस म्हणतो ना!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाबूनच टाकावं, असं वाटलं. पण बापाच्या आवाजात आज हट्ट नव्हता, भीती होती. तिनं बोट उचललं.

"तू आकडा जिथं ठेवलास, तिथं झडप किती उघडायची याची मर्यादा ठेवलेली आहे. ती पुसली की झडप सताड उघडेल. पाणी उकळेल, पाइप फुटतील. शिजवशील रोपं, बये!"

तिनं पाहिलं. खरंच होतं. तिनं लगेच दुसरं, रिकामं रजिस्टर घेतलं. हेल्गेनं चाचणीसाठी उणे चाळीसपर्यंतचे आकडे तिच्याकडून घालून घेतले, प्रत्येक वेळी आलेलं उत्तर स्वतः वाचलं आणि मगच मान हलवली.

एंटर. झडप करकरली. पाइपांतून पाणी खळखळत धावलं. तापमापकाचा काटा सहावर थांबला, बराच वेळ तिथंच राहिला, आणि मग हळूच वर सरकला.

"वाचलो, बाबा!" दिसाला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

हेल्गेचं लक्षच नव्हतं. तो खिशातला फोन काढत होता.

"कुणाला करताय?"

"शेजारच्या नीलसला. मग एस्किलला. मग चर्चपलीकडच्या त्या पोरांना." तो नंबर शोधत म्हणाला, "सगळ्यांच्या बॉयलरवर माझाच प्रोग्रॅम आहे. नको नको म्हणत होते, मीच गळ्यात मारला."

"द्या, मी बोलते."

"नको. मीच बोलणार."

पलीकडे कुणीतरी फोन उचलला.

"नीलस, हेल्गे बोलतोय. हातातलं सगळं टाक आणि आधी रोपांकडे पळ. चूक माझी आहे."