डावीकडचं दार

गोविंदानं पेचकसाचं टोक गाडीच्या तळाला लावून जराशा जोरानं टोचलं. टोक आरपार गेलं आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा गंजलेला पत्रा खाली पडला.

"बघितलंस?" राजरत्न आईला म्हणाला. "आता पाय रस्त्याला लागायचे. आपण बसायचं गाडीत आणि आपणच पळायचं."

शहाडच्या त्या गॅरेजात शांताबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडवात वरमाय बसावी तशी. तिनं पत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पत्रा बदलतात," ती म्हणाली. "तुझ्या दाढा किडल्या तेव्हा तुला बदलून दुसरा आणला का मी?"

गोविंदानं हसू लपवायला मान गाडीखाली घातली.

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. गाडी धूर ओकत होती. पासिंगची मुदत संपत आली होती. नातीला, दिशाला, परीक्षेला नेताना ती पत्रीपुलावर मधोमध बंद पडली, तेव्हा मागच्या रिक्षावाल्यांनी राजरत्नाचं सगळं खानदान काढलं होतं. सुनेनं, वैशालीनं, नव्या गाडीचा फोटो सासूपुढे धरला. शांताबाईनं साबणाची वडी दिसतेय म्हणत फोन परत केला. नव्या गाड्यांचा पत्रा पातळ असतो, आपली जुनी मजबूत, असं ती येईल त्याला ऐकवायची.

खरं कारण डावीकडच्या पुढच्या दारात होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कंपनीतून निवृत्त झाल्यावर तिच्या नवऱ्यानं, चांगदेवनं, ही व्हॅन कुणाची तरी वापरलेली घेतली. पहिल्याच फेरीला दोघं कळव्याला तिच्या भावांकडे गेली. दारात गाडी थांबली, भावजया ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या, आणि आतून दार उघडायचं हँडल शांताबाईच्या हातातच आलं. मोडकं डबडं आणलंत, असं ती दातांआडून नवऱ्याला म्हणाली. तो उतरला, गाडीला मागून वळसा घालून आला, येताना मागच्या पत्र्यावर हातानं एक थाप मारली, आणि तिचं दार बाहेरून उघडून अदबीनं बाजूला उभा राहिला. भावजयांचे डोळे मोठे झाले. शांताबाईनं तुटकं हँडल पदराखाली घेतलं, पाठ ताठ केली आणि साहेबिणीसारखी खाली उतरली.

मग ते तसंच चालू राहिलं. चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून ती ठाण्याला निघाली, कुणाच्या लग्नाला गेली, की तिचं दार चांगदेवच उघडणार. आंबिवलीच्या त्यांच्या चाळीत बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारू लागल्या, की शिका जरा चांगदेवआबांकडून. आमच्यात बायकांना मान देतात, असं शांताबाई नाक वर करून सांगायची. हँडल मोडल्याचं तिनं बाहेर कळू दिलं नाही. नीट करून घ्या, असं नवऱ्यालाही कधी म्हटलं नाही. त्यानंही तो विषय काढला नाही.

तो गेल्यावर राजरत्न वळसा घालून येऊ लागला, कानाला फोन आणि कपाळाला आठ्या. पण त्याच्याही आधी काहीतरी यायचं. इंजिन बंद झालं की राजरत्नाचं दार उघडायच्या आत मागे पत्र्यावर थाप पडायची. मग चप्पल घासत जवळ यायची आणि तिच्या दाराशी थांबायची. शांताबाई आरशात बघत नसे. कुणी असेल याची तिला भीती नव्हती. बघावं आणि कुणीच नसावं, ही होती. एकदा तिनं थापेचं लेकाला विचारलं. मागची नंबराची पाटी ढिली झालीये, तीच आपटते, असं तो म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

नव्या गाडीपाशी चांगदेव कसा येणार होता? त्याला तिचा रंगसुद्धा ठाऊक नव्हता.

"दुरुस्त कर," तिनं गोविंदाला सांगितलं.

"सगळं, मावशी?"

"सगळं. पुन्हा बंद पडली तर भंगारात घाला. जाताना मलापण तिच्यातच बसवा."

गाडी तयार झाल्याचा निरोप आला तशी ती लेकाबरोबर पुन्हा गॅरेजात गेली. तळाला नवा पत्रा होता, इंजिनाचा आवाज मांजराच्या गुरगुरण्याइतका खाली आला होता. गोविंदा एकेक काम दाखवत गेला. नंबराची पाटी ढिली होती, तीपण आवळली, असं तो म्हणाला. शांताबाईनं हातातली पिशवी पोटाशी धरली.

"आणि हे बघा." तो डावीकडे बसला, दार लावून घेतलं आणि आतून उघडून दाखवलं. "हँडल बसवलं. सामान तुमचंच होतं."

"आमचं कुठलं?"

"स्टेपनीखाली होतं ना. माझ्याकडूनच नेलेलं आबांनी, नवीन नवीन गाडी घेतलेली तेव्हा. मी म्हणालेलो, लगेच बसवून देतो. तर म्हणाले, राहू दे, बघू." तो हसला. "पुडीपण फोडली नव्हती, मावशी."

राजरत्नानं दचकून आईकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर तिनं त्या हँडलवर बोटं ठेवली ती तशीच राहू दिली.

चाळीपुढे गाडी थांबली. राजरत्नाचा फोन वाजला. तो बोलत उतरला, सवयीनं मागे वळला, मग आठवलं तसा सरळ जिन्याकडे गेला. पहिल्या पायरीवर त्याच्या ध्यानात आलं, की आई अजून आतच आहे.

"आई, आता आतून उघडतं. उतर की."

"माहितेय मला."

तिनं हँडलवरचा हात काढून मांडीवर ठेवला. पदर सारखा केला. पाठ ताठ केली, कळव्याच्या दारात केली होती तशी.

मागे पत्र्यावर थाप पडली.

राजरत्नानं फोन कानावरून खाली घेतला. त्यानं वळून नंबराच्या पाटीकडे पाहिलं. पाटी नव्या स्क्रूंनी घट्ट बसली होती.

"जा तू वर," शांताबाई म्हणाली. "येतायत."