मूळ कागदपत्रं

“दादा, आधी बसा. उभ्यानं कसं बोलायचं?”

प्रतिभानं दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पुंजा खुर्चीच्या कडेवर टेकला. शेजारी त्याची मुलगी मीना बसली. सुरगाण्याकडच्या त्यांच्या पाड्यावरून आधी जीप, मग एसटी, मग रिक्षा असं करत दोघं दुपारी नाशिकला पोचली होती. मीनाच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल होती आणि फाईलवर तिचे दोन्ही हात.

प्रतिभा सहा वर्षं या खाजगी विद्यापीठाच्या प्रवेश विभागात होती. टेबलावरच्या पाटीवर ‘समुपदेशक’ लिहिलेलं होतं. काम एवढंच, की आलेल्या माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, माहितीपत्रकातले रंगीत फोटो दाखवायचे आणि तो उठायच्या आत मुलाची मूळ कागदपत्रं जमा करून घ्यायची. दाखला एकदा आपल्या कपाटात आला की माणूस दुसरीकडं जात नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं होतं.

मीनानं दोन कागद टेबलावर ठेवले. एक या विद्यापीठाचं पत्र होतं. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, प्रवेश मंजूर. दुसरं विदर्भातल्या सरकारी विद्यापीठाचं. तिथंही इलेक्ट्रिकलच. शिष्यवृत्ती दोन्हीकडं मिळणार होती. सरकारी जागा मात्र आज संध्याकाळी पाचच्या आत मोबाईलवरून स्वीकारायची होती, नाहीतर गेली. आता पावणेचार झाले होते.

“आम्हाला यातलं काय कळत नाय, मॅडम,” पुंजा म्हणाला. “चांगलं कोणतं, ते तुम्हीच सांगा.”

हा प्रश्न रोज यायचा आणि उत्तर तोंडपाठ होतं. पण समोरच्या संगणकावर प्रतिभाला मीनाची गुणपत्रिका दिसत होती. आश्रमशाळा, सुरगाणा तालुका. गणित सत्त्याण्णव.

प्रतिभाचा मुलगा साई याच इमारतीत, याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाला होता. कर्मचाऱ्यांच्या मुलांना इथं सवलत होती, आणि सातपूरची कंपनी बंद पडल्यापासून नवरा घरीच होता, म्हणून तिनं त्याला इथं घातलं. प्रयोगशाळेतली यंत्रं दोन वर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडली होती. दिवाळीनंतर तीन शिक्षक सोडून गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. साई घरी मोबाईलवर व्हिडिओ बघून अभ्यास करायचा. “आई, तुला माहीत होतं ना?” असं त्यानं एकदाच विचारलं होतं. ती पोळ्या लाटत राहिली होती.

मागच्या काचेच्या केबिनमध्ये विभागाचे प्रमुख योगेश सर फोनवर बोलत होते. प्रतिभानं आवाज खाली आणला.

“दादा, तुम्ही सरकारी घ्या.”

पुंजा तिच्याकडं बघत राहिला. “ते तर लय लांब हाय.”

“लांब आहे, पण नाशिकरोडहून थेट गाडी आहे. मुलींचं वसतिगृह आहे. मुलगी हुशार आहे तुमची, तिथं तिचं चांगलं होईल.”

“आन हितं?”

हितं काय, ते सांगायला तोंड उघडलं तर उद्या ही खुर्ची तिची नसणार होती. साईचं वर्ष आणि सवलत, दोन्ही त्या खुर्चीला बांधलेली होती.

“इथं... तिला जड जाईल,” ती म्हणाली, आणि शब्द तोंडातून सुटताक्षणीच चुकलं हे तिला कळलं.

पुंजानं छताकडं बोट केलं.

“वरचा तिसरा मजला हाय ना, त्याचा स्लॅब आम्ही वतला. चार महिने मागच्या बाजूला पालात व्हतो. ही तवा पाचवीत. सुट्टीत आली का वाळूच्या ढिगावर बसून वाचायची. तवाच ठरवलं का ही हितंच शिकंल.” तो थांबला. “आमची पोर हितं नको, असं म्हणता का मॅडम?”

“नाही हो दादा! तसं नाही...”

“मग कसं?”

केबिनचं दार उघडलं. योगेश सर हसत टेबलापाशी आले.

“नमस्कार काका. काही अडचण?”

प्रतिभाचा हात माहितीपत्रकावर तसाच राहिला. पुंजानं तिच्याकडं एकदा पाहिलं. आता तो सांगणार, असं तिला वाटलं.

“काय नाय साहेब,” पुंजा म्हणाला. “कागदं द्यायची हायती.”

“वा! मॅडम, घ्या लगेच. साडेचारला कपाट बंद करायचंय.” ते तिथंच उभे राहिले.

मीनानं फाईल उघडली. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र. प्रतिभानं एकेक कागद तपासला, संगणकावर नोंद केली, पोचपावतीवर शिक्का मारला. योगेश सरांनी फाईल उचलली आणि स्वतःच कपाटात ठेवायला नेली. पुंजानं पावतीची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. उठताना त्यानं प्रतिभाला नमस्कार केला नाही.

पाच-सात मिनिटांनी मीना एकटीच परत आली.

“वसतिगृहाचा फॉर्म राहिला.”

प्रतिभानं फॉर्म काढून दिला. मीना तो हातात धरून उभीच राहिली.

“मॅडम, तुम्ही बाबांना खरं सांगत होता ना?”

प्रतिभानं केबिनकडं पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

“मला वाटलंच. तुमच्या वेबसाईटवर शिक्षकांची नावं होती, त्यातल्या तिघांना मी मेल केली होती. एकाचं उत्तर आलं, की मी आता तिथं नाही.”

“मग तू बोलली का नाहीस गं?”

मीना फॉर्मकडं बघत म्हणाली, “कालच बोलले. रात्रभर भांडले. सरकारीला हो म्हणा म्हटलं. ते एवढंच म्हणाले की त्या इमारतीतलं आपलं काम तुला दिसत नाही. मग काय बोलायचं?” तिनं चप्पल फरशीवर घासली. “आणि आज तुम्ही त्यांना बसा म्हणालात. इथं काम होतं तेव्हा त्यांना कोणी पायरीवरसुद्धा बसू देत नव्हतं.”

“अजून वेळ आहे. पाच वाजायचेत. कागदपत्रांचं मी बघते काहीतरी. तू मोबाईलवरून सरकारी जागा तेवढी स्वीकार.”

“मोबाईल बाबांकडं आहे,” मीना म्हणाली. “गावाला फोन लावलाय त्यांनी. सगळ्यांना सांगतायत.”

“थांब. माझा घे.” प्रतिभानं आपला फोन पुढं केला.

मीनानं तो घेतला नाही. “ओटीपी त्यांच्याच नंबरवर येतो.” मग जरा हसली. “इथंही होईल माझं, मॅडम. गणित मला येतं.”

ती गेली. योगेश सर जाता जाता म्हणाले, “तुम्ही आज जरा दमल्यासारख्या दिसता. चहा घ्या.” प्रतिभा हो म्हणाली आणि बसून राहिली.

घड्याळात चार पंचावन्न झाले. दारातून एक बाई मुलाला घेऊन आत आली. हातात तशीच प्लास्टिकची फाईल. खुर्चीत बसता बसताच तिनं विचारलं, “मॅडम, इथं चांगलं शिकवतात ना?”

प्रतिभानं पाण्याची बाटली उघडली. एक घोट घेतला, मग आणखी एक. बाई उत्तराची वाट बघत राहिली.