दुधातले पाच तुकडे

सुज्ञ वाचकहो, एका दाढेची हकीकत मी आपणांसमोर विनयपूर्वक मांडीत आहे. तीत भय आहे, परंतु भय घालणे हा माझा हेतू नव्हे. जेवताना दातांवर ओढवणारे संकट ते येण्याआधीच कसे ओळखावे, एवढे जरी कुणाच्या ध्यानी राहिले तरी माझ्या लेखणीचे सार्थक झाले.

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तेथे साचेवाला काम करीत असे. लोकांच्या जबड्यांच्या ठशांवरून प्लास्टरचे साचे ओतायचे आणि त्यांवर कवळ्या व दातांवर बसवायच्या टोप्या घडवायच्या, हा त्याचा व्यवसाय. भिंतीवरील फळ्यांवर दोनशेहून अधिक पांढरे जबडे ओळीने मांडलेले असत. नवखा माणूस तेथे पाठ करून उभा राहायला कचरे. साचेवाल्याला मात्र ते शेजाऱ्यांसारखे वाटत.

दवाखान्याच्या दारावर एक पाटी होती. दात पडला वा तुटला तर मुळाला हात न लावता उचला, दुधात बुडवून तासाभरात आणा, असे तीवर लिहिले होते.

एके दुपारी कारखान्यातला वेल्डर पेलाभर दूध घेऊन धावत आला. भोजनगृहात उकडलेले वाटाणे खाताना काहीतरी कचकन दाताखाली आले म्हणाला. दुधाच्या तळाशी दाताचा तुकडा होता. बाईंनी आरसा फिरवून त्याचे सर्व दात तपासले आणि शांतपणे सांगितले, “हा तुमचा नाही.”

वेल्डरच्या तोंडचे पाणी पळाले.

पुढे दर आठवड्याला एक जण येऊ लागला. दर वेळी तेच वाटाणे, तसेच दूध, आणि दर वेळी दात शाबूत. पाचव्या खेपेस आलेल्या टायपिस्टबाईंची किडक्या दातात भरलेली जुनी चांदी तेवढी निखळली होती. डॉक्टरीणबाईंनी तात्पुरते सिमेंट भरले, दुसऱ्या बाजूने चावायला सांगितले, आणि दुखल्यास गोळी गिळावी, हिरडीवर दाबून ठेवू नये, हिरडी भाजते, असे बजावले. पाचही तुकडे साचेवाल्याच्या डबीत जमा झाले.

इकडे भोजनगृहाच्या व्यवस्थापकाने ताकीद दिली, की पुन्हा एकदा असे घडले तर वाटाणे निवडणारीला काढून टाकीन. ती निवडणारी म्हणजे साचेवाल्याची थोरली बहीण. आईबापांमागे तिनेच हाडाची काडे करून त्याला हे काम शिकवले होते.

त्या दिवशी साचेवाल्याने पाचही तुकडे मेणाने जोडले. जणू ते कधी वेगळे झालेच नव्हते, असे ते एकमेकांत बसले आणि खालची उजवी दाढ तयार झाली. तिच्या कडेचा बारीक खड्डा त्याला ओळखीचा वाटला. त्याने तीन वर्षांपूर्वी ओतलेला ताईचा साचा फळीवरून काढला आणि दाढ त्यातल्या दाढेशेजारी धरली. उंचवटा न् उंचवटा जुळला. ताईने तुटकी दाढ आपल्यापासून लपवली, असा त्याने तर्क केला आणि तो तडक निघाला.

ताई खिडकीपाशी पोत्यांच्या रांगेत बसली होती. प्रत्येक पोत्यातला एक वाटाणा दाढेखाली फोडून पाहायची तिची रीत होती. ‘कट’ असा आवाज आला तर माल वाळलेला. नुसता दबला तर दमट, पोते परत. बावीस वर्षे व्यवस्थापकाने तिच्या दाढेवर विश्वास ठेवला होता.

“तोंड उघड, ताई.”

“का रे? घोडी विकत घ्यायचीय?”

हसत हसत तिने तोंड उघडले. दाढ जागच्या जागी होती. पूर्ण, अखंड.

साचेवाल्याने डबी दाखवली, सगळे सांगितले. ताईने त्याला वाटाण्याच्याच अक्षता लावल्या. उपाशीपोटी असले दिसते, जाऊन जेव, म्हणाली. शिवाय दाढेने पाहणे सोडले आणि दमट पोते आत गेले, तर नोकरीच जाईल, ही तिची धास्ती. बोलता बोलता तिने पुढचा वाटाणा तोंडाजवळ नेला.

साचेवाल्याने तिचे मनगट धरले. लहानपणापासून त्याने तिला कधी असे अडवले नव्हते. ताईचे हसू मावळले.

“दाबताना नाही दुखत,” ती हळूच म्हणाली. “सोडताना कळ उठते.”

“कधीपासून?”

“झाले पाच आठवडे.”

तो तिला तसाच दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी तिला एकेका दाढेखाली छोटी काडी चावायला दिली. त्या दाढेवरून काडी सोडताच ताई कळवळली. निळा रंग लावल्यावर दाढेवर केसासारख्या चिरा उमटल्या. डबीतले सांधे होते, अगदी त्याच रेषांवर. आणखी एखादा कडक वाटाणा, आणि दाढ मुळापर्यंत दुभंगली असती. मग उपटण्यावाचून गत्यंतर उरले नसते, असे बाई म्हणाल्या. त्यांनी दाढ घासून तिला तात्पुरते कडे घातले, नवा ठसा घेतला, आणि दहा दिवसांनी साचेवाल्याने स्वतः घडवलेली टोपी तीवर बसली.

त्या संध्याकाळी त्याने ताईसमोर डबी उघडली. आत मेणाने जोडलेली दाढ नव्हती, प्लास्टरचे पाच सुटे खडे होते. नख लावताच ते भुगा झाले. दोघे फळीपाशी गेले. तिचा जुना साचा तसाच होता. फक्त, त्या दिवशी जुळवून पाहिलेली त्यातली उजवी दाढ आता नव्हती.

“माझ्या वाटचं यानं सोसलं म्हणायचं,” ताई म्हणाली, आणि पदराने तिने त्या साच्यावरची धूळ पुसली.

हल्ली ताई वाटाणा फरशीवर ठेवून लहान हातोडीने ठोकते आणि कान लावून आवाज ऐकते. भोजनगृहात त्यानंतर कुणाच्या घासात काही सापडले नाही. तिची नोकरी शाबूत आहे.

साचेवाला मात्र रोज सकाळी फळ्यांवरून बोट फिरवतो. गेल्या सोमवारी बर्फाचे खडे चघळणाऱ्या पहारेकऱ्याच्या साच्याखाली त्याला चिमूटभर पांढरी पूड दिसली. दुधाच्या पेल्याची वाट न पाहता तो तसाच, अंगातला एप्रन न काढता, पहारेकऱ्याच्या घराकडे निघाला.

माझाही साचा तिसऱ्या फळीवर आहे. बाटलीचे झाकण दातांनी उघडणे मी सोडले. आपण येथवर वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
दवाखान्यात नोंदी लिहिणारा, ज्यास सर्वजण शाईकाका म्हणतात