छपरांवरचं पांढरं

बेटावर ऊन पडलं की आधी कुत्री भुंकतात, तीही आपल्याच सावलीवर. बिचाऱ्यांची तिच्याशी ओळखच उरलेली नसते. त्या सकाळी टिटवीला जाग आली ती त्या भुंकण्यानंच. टिटवी म्हणजे लाँड्रीवालीची शाळेत जाणारी लेक. आवाज असा, की घरातून हाक मारली तर धक्क्यावरचा माणूस वळून बघेल. तिनं डोळे उघडले, तर भिंतीवर खिडकीएवढा सोनेरी तुकडा येऊन बसलेला. तिनं त्यावर तळहात टेकला. भिंत चक्क कोमट होती.

आणि मग आठवलं, आज वहिनी जाणार.

वहिनी पलीकडच्या किनाऱ्यावरची, शिवणकाम करणारी. लग्न होऊन आली तेव्हा पाऊस होता, तो कालपर्यंत थांबला नव्हता. तिच्या सुया गंजल्या, कापडांना बुरशी धरली, हळूहळू हसण्यालाही ओल आली. दादा मासेमारीच्या बोटीवर, घरी पाहुण्यासारखा. थोडे दिवस माहेरी जाऊन येते, असं ती म्हणत होती खरं, पण बॅगेशेजारी तिनं शिलाई मशीनही बांधून ठेवलं होतं. थोड्या दिवसांसाठी मशीन कोण नेतं? आईनं ते गाठोडं पाहिलं आणि नुसती इस्त्री फिरवत राहिली. टिटवीनं मात्र रात्री दोनदा उठून त्याच्या गाठी चाचपल्या होत्या.

पण ऊन कुणाला दुःख करू देतं? बघता बघता सगळं बेट उलटं करून झटकल्यासारखं बाहेर आलं. गाद्या कुंपणांवर, बूट खिडक्यांत, म्हातारे पायऱ्यांवर. शाळेच्या बाईंनी बाकंच मैदानात काढली, आणि मग शिकवायचंच विसरल्या. रस्त्यांतून वाफ निघत होती, त्या वाफेत माणसं तरंगल्यासारखी चालत होती. लाँड्रीत तर महिनोन् महिने बंद खोलीत, हीटरपाशी वाळलेल्या चादरींचा ढीग. टिटवी आणि आईनं तो सगळा गच्चीवर नेऊन पसरला. चादरींत वारा शिरला आणि टिटवीला वाटलं, आता घर उडणार.

शेवटची चादर दोरीवर टाकताना तिचा हात थबकला.

खडकांपाशी समुद्र उसळला असला, की बेटावरून पलीकडे एकच खूण करायची: छपरावर पांढरं कापड. ते दुर्बिणीतून दिसलं की पलीकडचे लाँचवाले काका माणसं न्यायला निघत नाहीत. म्हणून तर उन्हाच्या दिवशी छपरावर फक्त रंगीत, पांढरं खाली अंगणात, असा नियम होता. लहान पोरांनाही ठाऊक असलेला. पण ऊन पाहूनच इतका काळ लोटला होता, की नियम सगळ्यांच्याच डोक्यातून वाहून गेला होता. टिटवीनं वळून पाहिलं. एकूण एक छपरावर पांढरं फडफडत होतं. अख्खं बेट पलीकडे ओरडून सांगत होतं, येऊ नका.

तिला आधी हसू आलं. मग धक्क्यावर एकटी बसलेली वहिनी दिसली, आणि हसू विरलं. गप्प राहिलं तर वहिनी आज जात नाही. पण अशी अडकवून ठेवलेली वहिनी काय कामाची? ती धावत सुटली.

धक्क्यावर पोचून तिनं धापा टाकत सगळं सांगून टाकलं. "तू म्हणालीस तर सगळ्या गच्च्यांवरून उतरवते. आत्ता. माझा आवाज आहे ना, एका हाकेत होईल."

वहिनी वळली. तिनं पहिल्यांदाच बेट लांबून, कोरडं, असं पाहिलं. टेकडी एवढी हिरवी आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळी छपरं पंख पसरून उठायच्या बेतात होती.

"किती वेळ असतं गं हे?" तिनं विचारलं.

"काही सांगता येत नाही."

वहिनीनं थोडा विचार केला. मग बॅग उघडली आणि आतलं एकेक ओलसर कापड काढून कठड्यावर पसरू लागली. कुबट वास उडाला आणि पिवळं, निळं, डाळिंबी कापड वाऱ्यावर हलायला लागलं. तिनं मशीनचं गाठोडंही सोडलं आणि मशीनचं चाक उन्हाकडे वळवून ठेवलं. टिटवी पहिल्यांदाच तोंड मिटून मदत करत होती. मग दोघी तापलेल्या दगडांवर पाठ टेकून पडून राहिल्या. डोळे मिटले तरी आत सगळं केशरी दिसत होतं.

ऊन कलताना लाँचवाले काका आलेच. एवढा शांत समुद्र आणि छपरांवर सगळ्यांचा नकार, त्यांना राहवेना. धक्क्याला दोर टाकत ते करवादले, की बेटावर साथबीथ आली की काय. मग कठड्यावरचे रंग पाहून वहिनीला म्हणाले, "पोरी, यायचंय ना? आवर लवकर."

वहिनीनं डाळिंबी कापड चाचपलं, गालाला लावून पाहिलं.

"अजून ओलं आहे, काका. वाळलं की येते."

काका तिच्याकडे बघत राहिले, मग समुद्राच्या कडेला जमू लागलेल्या ढगांच्या काळ्या रेघेकडे, आणि पोट धरून हसले. "या बेटावर? म्हणजे मी आता म्हातारा होऊनच येतो."

लाँच रिकामी परतली. घरी न्यायला टिटवीनं मशीन छातीशी कवटाळलं. ते भलतंच जड होतं, पण तिनं ते कुणालाही धरू दिलं नाही.