डब्यावरचा तक्ता

आष्टी तालुक्यातल्या एका दूध शीतकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर दोन यंत्रं होती. एक नवं, आकडे दाखवणारं. दुसरं जुनं, परातीएवढं, किल्लीवर चालणारं. त्याच्या आत गोल कागद आठवडाभर फिरायचा आणि लाल शाईची लेखणी टाकीतल्या दुधाचं तापमान त्यावर रेखत राहायची. जुनं यंत्र आठ महिन्यांपूर्वीच कागदोपत्री भंगारात निघालं होतं, फक्त न्यायला कुणी आलं नव्हतं. बावीस वर्षांच्या सवयीने प्रयोगशाळेतले सिद्धलिंग दर सोमवारी त्याला किल्ली देत, कागद बदलत आणि जुना कागद न बघता दूध घालायला येणाऱ्यांना वाटून टाकत. जाड, गोल कागद. डब्याच्या तोंडावर चपखल बसायचा.

बुधवारी मोठ्या डेअरीने टँकर आंबट म्हणून परत पाठवला. नव्या यंत्राच्या अहवालात आठवडाभर चार अंश, रेघ पट्टीने ओढल्यासारखी. टाकी निर्दोष म्हटल्यावर दोष दुधाचा, आणि टँकर भरला त्या दिवशी शेवटचं दूध आलं होतं ते गावचं दूध गोळा करून आणणाऱ्या भिवराबाईंचं. चेअरमन अमरसिंह यांनी त्यांचं संकलन सोमवारपासून बंद करायचं ठरवलं.

पुढच्या मंगळवारी भिवराबाई आल्या. हातात दह्याचा डबा.

"खाऊन बघा, सिद्धलिंगअप्पा. नासक्या दुधाला असं दही लागतंय का?"

सिद्धलिंग दह्याकडे बघतच नव्हते. झाकण म्हणून दोऱ्याने बांधलेला कागद त्यांनी सोडवला. सोमवारी दूध न घेता परत पाठवताना बाईंना दिलेला, टँकर परत आला त्याच आठवड्याचा. लाल रेघ रोज दुपारी वर चढली होती. टँकर परत यायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, तर थेट चौदावर.

"हे काय हाय?"

"मला वाटलं नक्षी हाय," बाई म्हणाल्या.

सिद्धलिंग बुचकळ्यात पडले. नवं चार म्हणतं, जुनं चौदा. जुन्याला म्हातारचळ लागला असेल, तर चळ रोज दुपारी दोनलाच कसा लागतो? दुपारी दोनला लाइट जाते, हे त्यांना ठाऊक होतं. जनरेटर फक्त चेअरमन आले की सुरू व्हायचा, हेही. पण नवं यंत्र तर लाइट नसतानाही चार दाखवतंच. दाखवतं म्हणजे चालतंच की, या विचाराशी ते दोन वेळा आले आणि दोन्ही वेळा तिथून गोंधळून परतले.

शेवटी दुपारी लाइट गेल्यावर त्यांनी काचेचा थर्मामीटर टाकीत सोडला. नऊ. जुन्याची लेखणीही नऊवर. नव्याच्या पडद्यावर चार. बॅटरीवर जागं राहून ते लाइट जायच्या आधीचा आकडाच घोकत होतं.

अमरसिंहांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, दोघांचंच मिटंना, तुम्ही तिसरं कशाला आणलं?"

"खात्री करायला, साहेब."

"मग झाली का?"

"मला काय कळंना झालंय. दोन नऊ म्हणतेत, एक चार."

अमरसिंहांचा चेहरा खुलला. चार निवडणुका जिंकलेल्या माणसाला आता कुठे ओळखीची गोष्ट भेटली होती. "असं सांगा की. दोनास एक. बहुमत हाय." भिवराबाईंचं संकलन पुन्हा सुरू झालं आणि दुपारच्या जनरेटरला डिझेल मिळालं. नवं यंत्र करारामुळे काढता येत नव्हतं. जुनं कागदावर नव्हतंच, त्यामुळे तेही काढता येत नव्हतं.

सोमवारी भिवराबाईंनी दूध घातलं आणि खिडकीशी थांबल्या.

"अप्पा, एक गोल कागद द्या. डबा उघडा पडलाय."

"आता न्हाई देता येत, बाई. ते पुरावे हायेत," सिद्धलिंग फाइल बंद करत म्हणाले.

"लई चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. "दूध खरं ठरलं, अन् झाकण गेलं."