सोळा ऑगस्ट, रोज सकाळी

एक जानेवारी १९९६, सोमवार. डोंबिवली एमआयडीसीतल्या पंढरीशेठच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, साडेआठला कॉम्प्युटर सुरू झाला, पण रंगांच्या शेड काही दाखवीना. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ : मुदत संपली, विक्रेत्याशी संपर्क साधा. विक्रेता म्हणजे ठाण्याची एक छोटी कंपनी. फोन लागेना म्हणून शेठनी माणूस पाठवला, तर त्या गाळ्यात ब्यूटी पार्लर निघालं.

सहाशे चाळीस शेड त्या प्रोग्रॅममध्ये होत्या. कुठल्या शेडला कुठला रंग किती ग्रॅम, मीठ किती, पाणी किती तापवायचं. कागदावर एकही नव्हती. ज्या वहीतून त्या आत गेल्या ती वही शेठनी रद्दीत घातलेली; कॉम्प्युटर आल्यावर वही कशाला सांभाळायची, म्हणून.

दोन दिवस मशिनं रिकामी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी शेठनी मंजुळाला निरोप धाडला.

मंजुळा रामाची मुलगी. राहायला विठ्ठलवाडीला, शिकवायला कल्याणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. रामाने शेठच्या कलर किचनमध्ये, म्हणजे रंग मोजून कालवायच्या खोलीत, बावीस वर्षं काढली होती. वही त्याची. १९९३ साली चार महिने रोज संध्याकाळी तो वही वाचायचा आणि मंजुळा टाइप करायची. "हे एकदा आत गेलं की रामा, तुला डाइंग मास्टर करतो," असं शेठनी सांगितलं होतं. शेवटची शेड आत गेली आणि सोळा ऑगस्टला रामाला घरी पाठवलं. नुसतं पाठवलं असतं तरी मंजुळाने गिळलं असतं. शेठनी वॉचमनला त्याचा डबा उघडायला लावला. फॉर्म्युले लिहून बाहेर नेतोय की काय, ते बघायला. वॉचमनने चपात्यांच्या घड्या उलगडल्या, भाजी टेबलावर उपडी केली. रामाने ती हाताने गोळा करून परत डब्यात भरली आणि डबा बंद करून निघून गेला. घरी तो यातलं अक्षर बोलला नाही. मंजुळाला ते भगवानकडून कळलं. भगवान रामाच्या हाताखाली होता, अजून तिथेच आहे.

"आलीस? ये, ये. चहा सांगू?" शेठ म्हणाले.

"चहा नको. मशीन दाखवा."

"अगं, घरचीच तू. तुझ्या बापाची मेहनत आहे ना यात."

"आहे," मंजुळा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन तिने पाहिलं. प्रोग्रॅमने लगेच पकडलं. म्हणजे शेवटी कधी चालवला ते तो कुठेतरी लिहून ठेवत होता. लपवलेल्या फायलींची यादी काढली तेव्हा ती चिमुकली फाइल सापडली. आत फक्त एक तारीख. मंजुळाने ती पुसली आणि १९९३च्या सुरुवातीची घातली. रोज मशीन चालू होताना तीच जुनी तारीख पुन्हा फायलीत पडेल अशी व्यवस्था केली. सगळं मिळून पाऊण तास. आता कॉम्प्युटरला १९९५ संपायच्या आतली कुठलीही तारीख चालली असती. ती आपोआप पडेल अशी एक ओळ लिहिणंही सोपं होतं. मंजुळाने ती ओळ लिहिली नाही.

"रोज सकाळी मशीन तारीख विचारेल," ती म्हणाली. "सोळा आठ त्र्याण्णव टाकायची. तुम्ही स्वतः टाका, दुसऱ्या कुणाला देऊ नका. अन् दुसरी तारीख टाकलीत तर कायमचं बंद पडेल."

शेवटचं वाक्य साफ खोटं होतं. शेठनी ते मान डोलावून लिहून घेतलं.

तिला वाटलं, लिहितानाच हात थांबेल. थांबला नाही. मग वाटलं, दोनचार दिवसांत फोन येईल. तीन आठवडे गेले. भगवानला विचारलं तर तो म्हणाला, "अगं मंजे, रोज टाकतो की. कागद चिकटवलाय त्याने मशीनवर. रंगाची मापं छापून निघतात त्या स्लिपांवर पण तीच तारीख येते. आम्ही स्लिप हातात घेतो अन् एकमेकांकडे बघतो. त्याला ना सोयर ना सुतक."

दुसऱ्या दिवशी क्लास बुडवून ती साडेआठला डाइंगमध्ये पोचली. कलर किचनची माणसं स्लिपा घ्यायला उभी होती. शेठनी तारीख टाकली, एंटर मारलं.

"मस्त चाललंय बघ," ते म्हणाले. "काही तक्रार नाही."

"शेठ, ही तारीख कसली ते आठवतं?"

"कसली म्हणजे? मशीनची."

"त्या दिवशी काय झालं होतं?"

"मला काय ठाऊक? घरात कुणाचा वाढदिवस असेल तुझ्या!" शेठ हसले आणि माणसांकडे पाहिलं. हसायला सोबत मिळाली नाही.

मंजुळाचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी तुम्ही माझ्या बापाचा डबा उघडायला लावलात. चपात्या उलगडून बघितल्यात. त्याचीच बावीस वर्षांची वही तुमच्या कपाटात असताना तो काय चोरून नेणार होता, शेठ?"

"हे बघ, ते वॉचमनने—"

"वॉचमनला मीच बोलवून आणलेलं," भगवान मागून म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून. भाजी वांग्याची होती."

शेठनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "अरे, मशिनं खोळंबलीयत, उभे काय राहिलात?" कोणी हललं नाही. मग एकेक करून माणसं स्लिपा उचलून गेली.

"कायमचं बंद पडेल असं मी म्हणाले ते खोटं होतं," मंजुळा पर्स उचलत म्हणाली. "उद्यापासून त्र्याण्णव सालातली पुढची कुठलीही तारीख टाका. किंवा हीच टाका. मशीनला फरक पडत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भगवान कामावरून थेट विठ्ठलवाडीला आला. खिशातून घडी केलेली स्लिप काढून त्याने मंजुळासमोर धरली. मोरपंखी, लॉट चौदा. वर तारीख छापलेली : १७-०८-९३.

"शेठ पाच मिनिटं बसलेला नुसता," भगवान म्हणाला. "आम्ही सगळे पुढ्यात उभे. सोळा टाइप केलं, खोडलं. परत टाइप केलं, परत खोडलं. शेवटी सतरा टाकलं. मशीनवरचा कागद पण फाडलाय."

मंजुळाने स्लिप दोनदा वाचली. सूड घेतल्यावर माणसाला म्हणे रितं रितं वाटतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. तसलं काही वाटलं नाही. भूक मात्र सपाटून लागली होती. तिने रामाला हाक मारली, भगवानलाही ताट वाढलं, आणि तिघं जेवायला बसली.